अकरा पानांचा लेख

१० जून २०१३, सोमवार

अकोल्याच्या ऑफिसात पहिला दिवस. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, एक नवा संगणक. संगणकावरचं प्लास्टिक कोणी काढलेलं नव्हतं. मी काढलं.

काम लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. मंडळाचं शेतीविज्ञानाचं त्रैमासिक एकेचाळीस वर्षं कागदावर निघत आलं आहे. मंजूर झालेले चौतीस लेख छापायचे राहिले आहेत. अंकात जागा नाही म्हणून माणसं दीड-दोन वर्षं थांबली आहेत. आता लेख तयार झाला की लगेच ऑनलाइन प्रसिद्ध करायचा. अंकाची वाट पाहायची नाही, त्यामुळे अंकातला पान क्रमांकही असणार नाही. त्याऐवजी प्रत्येक लेखाला स्वतःचा क्रमांक. पुण्यात चार वर्षं मी परदेशी नियतकालिकांसाठी हेच केलं.

संपादक डॉ. खुशालराव ठाकरे. वय त्र्याहत्तर. निवृत्त मृदाशास्त्रज्ञ.

"तुमचं नाव मले आधीपासून माहीत हाय," म्हणाले.

"अर्जात होतं, सर."

"हो. अर्जात बी होतं."

मग विचारलं, "पान नाही, तं लेख राहते कुठं?"

मी सर्व्हर, कायमचा दुवा, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे घर नाही, निस्ता मोबाइल नंबर."

दुरुस्त केलं नाही. उपमा अगदीच चुकीची नव्हती.

१३ जून

आठवड्यातून तीन दिवस अकोला, बाकी घरून. बडनेऱ्याहून सकाळची गाडी. घरी अम्मी विचारते, पुण्याची नोकरी सोडून हे काय. तिला सांगितलं, करार संपला. खालाला सांगितलं, पुण्याचं पाणी मानवत नव्हतं. अब्बा मार्चमध्ये छापखान्यात चक्कर येऊन पडले. मी नोकरी एप्रिलमध्ये सोडली. दोन्हींचा संबंध नाही.

२४ जून

रांग लावायची म्हणजे तारीख हवी. ऑफिसातल्या मंजुरीपत्रांच्या नकला गठ्ठ्यांत आहेत आणि गठ्ठ्यांना वाळवी लागली आहे. त्यापेक्षा छापखान्याची आवक-नोंदवही चांगली. हा छापखाना अमरावतीत राजापेठेच्या आतल्या गल्लीत आहे. त्रैमासिक सुरुवातीपासून तिथंच छापलं जातं आणि अब्बा तिथं एकोणतीस वर्षं आहेत. पानांची जुळणी, घडी, बांधणी सगळं त्यांच्याकडे. नोंदवहीही त्यांच्याच अक्षरात. एकही खाडाखोड नाही. मंजूर झालेला प्रत्येक लेख पानं मोजायला आधी तिथं जातो; कोणत्या दिवशी आला, किती पानांचा, सगळं आहे.

दोन दिवसांत सगळी संगणकावर चढवली. काही लेखांच्या दुहेरी नोंदी आढळल्या. नियम केला की एका लेखाच्या एकाहून जास्त नोंदी असतील तर सर्वांत अलीकडची धरायची. जुन्या एका आज्ञेत गेल्या. चौतीस लेख, चौतीस तारखा.

खुशालरावांना यादी दाखवली. "हुसेनमियाची वही हाय न? मंग पाहाचं काही काम नाही," म्हणाले आणि सही केली.

२ जुलै

अडचण. खुशालराव प्रत्येक लेखाचं शेवटचं वाचन मोठ्यानं करतात. एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं नव्या प्रतीवर बोट ठेवायचं. आठवड्याला दोन लेख होतात. चौतीस लेख म्हणजे सतरा आठवडे. पडद्यावर तुलना करणारा प्रोग्राम दाखवला.

"त्याले कापसाचं झाड माहीत हाय का?" विचारलं.

"नाही, सर."

"मंग तो चूक कशी पकडन? अक्षर बरोबर असन आणि झाड चूक असन."

आठवड्याला दोन ठरले.

अब्बांना अजून सांगितलेलं नाही की कागदी अंक कायमचे बंद होणार. वर्षातून एक बांधीव खंड निघेल, तेवढंच. जुलैचा अंक "उशिरा" आहे असं ते समजतात.

१२ जुलै

रमजानचा दुसरा दिवस. खुशालराव चहा प्यायला बाहेर टपरीवर जायला लागले आहेत. पाऊस थांबत नाही, छत्री घेऊन जातात. मी म्हटलं, सर, इथंच घ्या, मला काही वाटत नाही.

"मले वाटते न," म्हणाले.

२६ जुलै

दुपारी दर्यापूरहून फोन. शकुन तायडे. तिथल्या एका कॉलेजात कंत्राटी शिकवतात. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीवर त्यांचा लेख आहे. तिथं विहिरीचं पाणी खारं. ते दिलं तर जमीन दगडासारखी होते. शेततळ्यात पावसाचं पाणी धरून हरभऱ्याला फक्त दोनदा दिलं तर काय होतं, याची तीन शेतांवरची तीन वर्षांची मोजणी. अकरा पानं. आमच्या यादीत चौतिसावा.

"म्याडम, माहा नंबर कधी लागन?"

"नोव्हेंबरच्या अखेरीस."

त्या म्हणाल्या की एका संशोधन केंद्रात पक्की जागा निघाली आहे. दोन प्रसिद्ध लेख लागतात, त्यांचा एकच आहे. मंजूर लेख धरत नाहीत. अर्जाची मुदत ३१ ऑगस्ट.

"जानेवारीत वय उलटते माहं. याच्यानंतर मले फॉर्मच भरता येत नाही."

मी सांगितलं की रांग तारखेनं लावली आहे.

"माह्याजवळ मंजुरीचं पत्र हाय न. सप्टेंबर दोन हजार अकराचं."

"पत्र मंजुरीचं आहे. रांग छापखान्याच्या नोंदीवर आहे. सगळ्यांना एकच नियम."

"बरं," त्या म्हणाल्या. "नियम हाय म्हणता तं बरं."

वाद घातला नाही. घातला असता तर मला सोपं गेलं असतं. का, ते सांगता येत नाही.

संध्याकाळी इफ्तारला ही गोष्ट निघाली. मी एवढंच म्हटलं की अकरा पानांचा एक लेख आहे, बाईंची नोकरी त्याच्यावर अडली आहे. अब्बांनी हातातला खजूर परत ताटलीत ठेवला.

"कौनसा? खारपाणवाला?"

मी विषय सांगितला नव्हता. दुपारी फोनवर बोलताना ऐकला असेल. पण दुपारी ते छापखान्यात होते. अम्मीनं सांगितलं असेल.

१ ऑगस्ट

लेख क्रमांक १ सकाळी ११.२० ला प्रसिद्ध झाला. तुरीवरच्या मर रोगाचा. खुशालरावांनी पडद्याला हात लावून पाहिला. "गरम हाय," म्हणाले. ताज्या छापलेल्या कागदालाही ते असाच हात लावत असतील.

घरी अब्बांनी विचारलं, "आज कितने चढे?"

"एक."

"कौनसा?"

सांगितलं. मान हलवली आणि नमाजासाठी वजू करायला गेले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

ईद. क्रमांक ३ काल झाला. अब्बा रोज विचारतात, आज कोणता. नीट झोपत नाहीत. अम्मी म्हणते बीपी आहे. मला वाटतं त्यांना अंक बंद होण्याचा अंदाज आला आहे आणि त्याचा घोर लागला आहे. म्हणून शिरखुर्म्यानंतर, पाहुणे येण्याआधी, सांगून टाकलं. आता कागदी अंक कायमचे बंद. त्यांचं निम्मं काम जाणार. ते माझ्या हातून जाणार, हेही सांगितलं.

अब्बा म्हणाले, "मालूम है."

"कधीपासून?"

"मई से. खुशालराव बोले थे. मैंच बोला उनको, मेरी बेटी पूने में येच काम करती."

अम्मी आतून म्हणाली, "बाप ने अपनी रोजी बेच के बेटी को घर बुलाया, और बेटी दो महिने से मुँह छुपा रही."

मी विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत.

"तू बताएगी बोल के रुका."

पाहुणे आले. पुढं बोलणं झालं नाही. म्हणजे घोर अंकांचा नाही. मग कशाचा?

१७ ऑगस्ट, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी अब्बांनी मला छापखान्यात बोलावलं. मालक यायचे होते. बांधणीच्या टेबलावर नोंदवही उघडी होती.

"ये देख," म्हणाले आणि पानं उलटत गेले. ऑक्टोबर २०११, जानेवारी २०१२, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी २०१३, एप्रिल. प्रत्येक ठिकाणी एकच ओळ: खारपाणपट्टा, तायडे, अकरा पाने. आणि समोर त्यांच्या बारीक अक्षरात: वापस.

सात वेळा.

अंक चौसष्ट पानांचा. आठ पानांचा एक फर्मा, असे आठ फर्मे. खुशालराव दर वेळी एक लेख जास्तीचा पाठवत आले आहेत. म्हणजे आठ पाठवायचे, त्यातले जे सात नीट बसतात ते अब्बांनी घ्यायचे, उरलेला पुढच्या वेळी परत यायचा. अंकात कोरं पान सोडायचं नाही, ही अब्बांची इज्जत. शेवटी जागा उरायची पाच पानांची, सहाची, कधी आठची. अकराची कधीच नाही. दर वेळी तोच लेख मागं राहिला. दर वेळी तो अकोल्याला परत गेला, दर वेळी नव्या गठ्ठ्यात नव्यानं आला, आणि अब्बांनी दर वेळी तो नवीन तारखेनं चढवला, कारण आवक-नोंदवहीत आवकच लिहायची असते.

कोणी काही चुकीचं केलं नाही. प्रत्येकानं आपलं काम बरोबर केलं.

माझ्यासकट. सर्वांत अलीकडची नोंद धरायची, हा नियम माझा. त्या नियमानं सात नोंदींतली पहिली गेली आणि सातवी राहिली. सगळ्यांत जुना लेख सगळ्यांत शेवटी गेला. आणि त्या बाई पत्राची तारीख सांगत होत्या, तेव्हा मी त्यांना नियम सांगितला.

"मैं तीन हफ्ते से सोच रहा," अब्बा म्हणाले. "तेरा पहला काम है यहाँ. तेरी लिस्ट गलत निकली तो लोग क्या बोलेंगे."

मी म्हटलं, यादी चुकली आहे, ती दुरुस्त होईल. आवाज ठीक होता असं मला वाटतं. मग वही उचलून सातही पानांच्या झेरॉक्स काढायला गेले. दुकान उघडायचं होतं. शटरसमोर वीस मिनिटं उभी राहिले.

१९ ऑगस्ट, सोमवार

अब्बा बरोबर अकोल्याला आले. गरज नाही म्हटलं होतं. गाडीत खिडकीशी बसून सोयाबीन पाहत होते. शेतात पाणी साचलं आहे, पीक पिवळं पडलं आहे. खारपाणपट्ट्याची जमीन असती तर पाणी आणखी कितीतरी दिवस उतरलंच नसतं, असं म्हणाले. हे त्यांना कसं ठाऊक, असं विचारलं.

"सात बार पढा ना."

घडी घालताना ते सगळे लेख वाचतात. एकोणतीस वर्षं. मला माहीत नव्हतं.

खुशालरावांपुढं सात झेरॉक्स ठेवल्या. अब्बा उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"खुशालभाऊ, हे माह्या हातून झालं."

खुशालरावांनी कागद एकेक पाहिले. कपाटाशी गेले आणि वाळवीच्या गठ्ठ्यातून मंजुरीपत्राची नक्कल स्वतः शोधून काढली. २६ सप्टेंबर २०११. कोपरा खाल्लेला, तारीख शाबूत.

"जास्तीचा लेख पाठवाची पद्धत कोनाची, हुसेनमिया?"

"तुमची."

"मंग बसा न. उभे काहून?"

अब्बा बसले. मीही माझ्या नियमाबद्दल सांगितलं. खुशालराव म्हणाले, "म्हणजे तिघं झालो. त्या बाईले बोलावा. आठवड्याचे दोन वगैरे राहू द्या, हा लेख आधी होईन."

मी फोन केला. माफी कशी मागायची ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं, दोन वाक्यं. पहिलं वाक्य झालं आणि त्या म्हणाल्या, "जीप साडेसातले निघते. उद्या राखी हाय, परवा येऊ का?"

२१ ऑगस्ट

शकुन तायडे. सावळ्या, उंच, चपलांना काळी माती. चार मापन-वह्या पिशवीत घेऊन आल्या. अब्बा आजही आले. मी नको म्हटलं नाही.

वाचन सुरू होण्याआधी अब्बांनी सांगून टाकलं. स्वतःचेच हात एकमेकांत धरून, शाळेतल्यासारखं. "बाई, तुमचा लेख सात बार मागं ठेवणारा मीच व्हय. पानं बसत नव्हती. दर वेळेस वाचला, आणि दर वेळेस मागं ठेवला."

त्यांनी अब्बांकडे बराच वेळ पाहिलं. मला त्यांचा चेहरा वाचता आला नाही.

"सात बार वाचला?"

"हो."

"पुरा?"

"पुरा."

"माह्या गाईडनं एकदाच वाचला, चाचा. तो बी मधातून."

खुशालराव हसले, मग खोकले. अब्बा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"राग हाय तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "मी खोटं काहून बोलू? दोन वर्षं मी पोस्टमन आला का पाहत व्हती. पण आता वाचाले बसा."

बसलो. खुशालरावांनी मूळ प्रत मोठ्यानं वाचली, मी नव्या प्रतीवर बोट ठेवलं. तक्ते अब्बांकडे होते. तिसऱ्या तक्त्याशी त्यांनी हात वर केला. दुसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या शेताच्या ओलाव्याचा आकडा वरच्या दोन आकड्यांशी जुळत नाही, म्हणाले. एप्रिल २०१२ मध्ये वाचतानाच खटकला होता, पण सांगणार कोणाला. शकुनताईंनी मापन-वही काढली. अकराऐवजी सतरा हवा होता. त्यांचीच उतरवण्यातली चूक, मूळ लेखातली. परीक्षकांनी पाहिली नव्हती. माझ्या प्रोग्रामनंही पाहिली नसती.

"छापला असता अकरा साली, तं चुकीचा छापला असता," शकुनताई म्हणाल्या.

"तसं म्हणून आम्हाले सोडू नका," खुशालराव म्हणाले.

चार तास लागले. मध्ये सर्वांनी डबे उघडले. शकुनताईंच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि बेसन. अब्बांनी अर्धी भाकर मागून घेतली. ते कोणाकडे काही मागत नाहीत.

२२ ऑगस्ट

लेख क्रमांक ६. दुपारी ४.१० ला प्रसिद्ध. लेखाखाली ओळ: मंजूर २६ सप्टेंबर २०११, प्रसिद्ध २२ ऑगस्ट २०१३.

खुशालराव त्या ओळीकडे बघत म्हणाले, "बाहेरचा मानूस हे पाहीन तं काय म्हणन? तेवीस महिने."

"काढायची का?"

"नाही. राहू द्या."

खरं तर हा क्रमांक १ असायला हवा होता. पण क्रमांक एकदा दिला की बदलत नाही. बदलला तर तो क्रमांकच राहत नाही. शकुनताईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर: "सहा बी चालते."

मला मात्र अजून चालत नाही.

३० ऑगस्ट

अर्ज दाखल केल्याची पावती त्यांनी मोबाइलवरून फोटो काढून पाठवली. फोटो हलला आहे. तारीख वाचता येते. दोनदा मोठी करून पाहिली.

१२ सप्टेंबर

छाननीची यादी लागली. शकुन तायडे: अपूर्ण. कारण: दुसऱ्या लेखास पृष्ठ क्रमांक नाही. त्रुटी पूर्ण करण्यास आठ दिवस.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. अर्जात रकाना आहे, "खंड, अंक, पृष्ठ क्र. पासून–पर्यंत." आमच्या लेखाला यातलं काहीच नाही.

खुशालराव म्हणाले, "हाय काय त्यात? डिसेंबरच्या खंडात देऊन देतो तिले पानं. एकसष्ट ते एकाहत्तर. आज पत्र देतो."

"खंडाची मांडणी झालेली नाही, सर."

"मी करीन न तशी."

त्यांनी लेटरहेड काढलंसुद्धा. त्यांचा हेतू चांगला होता. मीही क्षणभर पेनकडे पाहत होते. मग म्हटलं, उद्या त्या पानांवर दुसऱ्या कोणाचा लेख आला तर खोटं शकुनताईंच्या अर्जात राहील, आपल्या नाही. नोकरी लागल्यावरही कोणी ते उकरून काढू शकतं. आधीच आपण त्यांचं एकदा नुकसान केलं आहे.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मंग काय करता?"

"जे आहे ते सांगू."

१३ सप्टेंबर

केंद्राच्या ऑफिसात गेलो: मी, खुशालराव, शकुनताई. खिडकीमागं कारकून बाई होत्या, समोर फायलींची चळत. मी चार ओळींचं पत्र दिलं: नियतकालिकानं १ ऑगस्टपासून पान क्रमांक बंद केले आहेत, लेख क्रमांक हीच अधिकृत नोंद, लेख कायम या दुव्यावर मिळेल, लांबी अकरा पानं.

"पान नंबर नाही, तं मी रकान्यात लिहू काय?"

"लेख क्रमांक सहा. पृष्ठ एक ते अकरा."

"आणि पाच नंबरच्या लेखाचं?"

"एक ते नऊ."

"त्याचं बी एकपासूनच?"

"प्रत्येकाचं एकपासून."

बाई विचारात पडल्या. "मंग उलटं बरं हाय. आमच्याकडं आधी लोक एकशे त्रेचाळीस ते एकशे एकोणपन्नास लिहत आणि आम्ही बोटं मोजत, किती पानं ते. पण साहेबाले पटलं पाहिजे."

साहेबांना पटायला दीड तास लागला. त्यांनी दुवा स्वतः उघडून पाहिला, मग पत्राखालची सही पाहून विचारलं, हा खुशालराव ठाकरे म्हणजे माती परीक्षणाचं पुस्तक लिहिणारा का. बाहेर बसलेल्या खुशालरावांना आत बोलावलं. चहा मागवला. खुशालरावांनी तिथं काय सांगितलं माहीत नाही, पण बाहेर येऊन म्हणाले, "मी काही शिफारस नाही केली. इतकंच म्हटलं की आम्ही उशीर केला. बाईनं नाही."

त्रुटी काढून टाकली. पात्र.

२२ ऑक्टोबर

मुलाखत. मला जायचं कारण नव्हतं. अकोल्यात ऑफिस होतंच, केंद्र वाटेवर आहे. (वाटेवर नाही. रिक्षा करावी लागली.)

शकुनताई आत एकेचाळीस मिनिटं होत्या. बाकीच्यांना सरासरी चौदा. बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या, पदरानं मान पुसली.

"लेखाबद्दल विचारलं?"

"नंबराचं कोनीच नाही विचारलं. तिसऱ्या तक्त्याचं विचारलं. दुसऱ्या शेतात ओलावा एवढा कसा टिकला म्हणे. मंग मी बोलतच राहिली. थांबवलं बी नाही कोनी."

मग म्हणाल्या, "माहा हात सोडा आता, म्याडम. दुखून राहिला."

मी त्यांचा हात केव्हा धरला होता ते आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

फोन १२.३५ ला आला. सव्वा मिनिटाचा.

"यादीत हाय मी. दुसरं नाव."

जागा तीन आहेत. मी "अभिनंदन" म्हटलं. तो शब्द अपुरा होता, पण दुसरा सापडला नाही. त्या म्हणाल्या, दुसरा लेख लिहून राहिली, याच्या पुढचा. पाठवू का? चोवीस पानांचा होईन. चालते न?

"पाठवा. आता आम्ही पानं मोजत नाही."

अब्बा घरीच मागच्या खोलीत वार्षिक खंडाची शिलाई करत होते. लेखांना एकसलग पान क्रमांक नाहीत, तर फर्मे उलटसुलट होऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एक काळी खूण, मागच्यापेक्षा जरा खाली. सगळे बरोबर लागले की पाठीवर जिना दिसतो. मी दारातून बातमी सांगितली. त्यांनी सुई खाली ठेवली. मग मी पुढच्या लेखाचं सांगितलं.

"कितने पन्ने?"

"चोवीस."

ते बोटांवर मोजत राहिले, मोजायची गरज नव्हती तरी.

"चौबीस. पूरे तीन फर्मे. एक पन्ना कोरा नहीं जाता." सुई परत उचलली. "अब भेजती है."

आणि हसायला लागले. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. अम्मी काय झालं म्हणून धावत आली, तर तिला सांगता येईना.

संध्याकाळी संगणक उघडून नवीन नोंद केली. लेखक: शकुन तायडे. पाने: चोवीस. आल्याची तारीख: २१ नोव्हेंबर २०१३.

लेख अजून लिहून व्हायचा आहे. हे नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे.